मांजरीला आपली गोळी देऊ नका

वाशीम, रिसोड, कारंजाकडच्या बहुतेक घरांत पॅरासिटामॉलची गोळी हाताशी असते. नसबंदीनंतर मांजरी मलूल पडली की मायेपोटी तीच तिला दिली जाते. माझ्या मते ही माया जीवघेणी आहे. मांजरीच्या यकृताला ही गोळी पचत नाही. रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते. एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेलेच औषध द्यावे. टाक्यांना हळद-तेल लावू नये. 10 ते 14 दिवस तिला घरातच ठेवावे, आंघोळ घालू नये; टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कॉलर असावी. जखम सुजली, वाहू लागली किंवा 24 तास खाल्ले नाही, तर लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. मुक्या जिवाला दुखणे सांगता येत नाही. ते आपणच ओळखायचे.