घडीचा चाकू आणि बदलते पाते

कोयता, विळा आणि विळी ही तीन हत्यारे नाहीत असे घर खानापूर तालुक्यात विरळाच. भाताची कापणी, काजूच्या बागेतील झुडुपांची तोड, फणस फोडणे, मासळी साफ करणे, ही सारी कामे त्यांच्याच बळावर चालतात. या जुन्या मंडळीत आता आणखी एक सोबती येऊन बसला आहे. तो म्हणजे घडी घालून खिशात ठेवता येणारा आणि पाते बदलता येणारा चाकू. वायरमन, दुकानदार, सुतार आणि शाळकरी मुलांचे पालक, सर्वांनाच तो हवासा वाटतो. पाते बोथट झाले की काढून टाकावे व नवे बसवावे, इतके सोपे! तथापि जी गोष्ट फार सोपी दिसते, तिच्यात दुसऱ्या कोणाचे तरी ओझे वाढत नाही ना, हे पाहणे शहाणपणाचे असते. म्हणून या चाकूविषयी आज चार शब्द लिहावयाचे आम्ही योजिले आहे.

धार लावण्याऐवजी पातेच बदलावे, ही कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वी रूढ होऊ लागली. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांनी १९०१ साली आपली कंपनी काढली. १९०३ साली, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्यांचे अवघे ५१ वस्तरे आणि १६८ पाती खपली! पुढे १९१५ साली मॉर्गन पार्कर यांनी शस्त्रवैद्याच्या सुरीला पाते बदलण्याची सोय केली. १९५६ साली जपानातील ओसाका येथे योशिओ ओकादा यांनी, चॉकलेटची वडी जशी खाचेवर मोडते तसे बोथट टोक मोडून नवी धार पुढे आणणारे पाते तयार केले. आज टेबलावर कागद कापणारा जो सरकता कटर दिसतो, तो त्याच वंशातील होय.

आपल्याकडे हा पालट सर्वांत ठळक दिसतो तो केशकर्तनालयात. वस्तरा म्हणजे तरी काय? घडीचा चाकूच. पूर्वी तो निसण्यावर पाजवून चामड्याच्या पट्ट्यावर फिरवीत असत. आता तशाच मुठीत अर्धे ब्लेड बसवितात. येथे सोयीपेक्षा आरोग्याचा लाभ मोठा आहे. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेरही निदान सात दिवस टिकू शकतो, आणि डोळ्यांस न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशातूनही तो पसरतो. यास्तव आपल्यासाठी नवे ब्लेड वेष्टनातून काढले जाते की नाही, हे पाहण्यात संकोच मानू नये. एकाच्या कातडीला लागलेले पाते दुसऱ्याच्या कातडीला लावावयाचे नाही, हा पहिला नियम. घरात बापलेकांनीही तो पाळावा.

इतर कामांच्या पात्यांची गोष्ट निराळी. दोर, पुठ्ठा, गोणपाट, वायरीवरील आवरण यांसाठी वापरलेले जाड पाते एकदा बोथट होताच फेकणे हा अपव्यय होय. त्यास दोनतीन वेळा तरी उत्तम धार लावता येते. पाते मुठीतून काढून लाकडाच्या छोट्या चिपेत घट्ट धरावे, म्हणजे बोटे सुरक्षित राहतात. बारीक कणांचा निसणा पाण्याने ओला करावा. कारखान्यातून पात्यास जो उतार मिळालेला असतो तोच राखावा. नवा करण्याच्या फंदात पडू नये. घरातील साध्या चाकूसाठी मात्र कोन ठरविण्याची एक सोपी युक्ती आहे. कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला की ४५ अंश होतात, पुन्हा दुमडला की साडेबावीस. पाते दगडावर त्याहून किंचित कमी उचलून धरले की झाले.

दोन्ही बाजूंस सारखेच हात द्यावे. एका बाजूने घासताना धारेची सूक्ष्म कड पलीकडे वळते. नखाला ती किंचित अडकते. शेवटी आळीपाळीने हलके हात देऊन ती उतरवावी आणि जुन्या कातडी पट्ट्यावर पाते पाठीच्या दिशेने ओढावे. धारेची परीक्षा अंगठ्यावर न घेता कागदावर घ्यावी. निसणा जवळ नसेल, तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची चकाकी नसलेली कडाही वेळ निभावून नेते. कुंभारकामासाठी नावाजलेल्या खानापुरातील वाचकांना भाजलेल्या मातीचा हा गुण वेगळा सांगावयास नको. फिरत्या कोरड्या सहाणेवर मात्र पातळ पाते धरू नये. ते तापून निळे पडते, आणि पोलादाचे पाणी एकदा उतरले की मग कितीही पाजविले तरी धार टिकत नाही. शस्त्रवैद्याच्या सुरीसारखी अतिशय पातळ पाती पाजविण्याच्या भरीसही पडू नये. ती बदलावी हेच बरे.

वापरताना तीन गोष्टी ध्यानी असाव्या. घडी उघडल्यावर खिटी पक्की बसली की नाही हे काम सुरू करण्यापूर्वी पाहावे; खिटी नसलेल्या चाकूने टोक कधीही रेटू नये, कारण पाते मिटते ते बोटांवरच. कापताना पाते आपल्या अंगाकडे ओढू नये. आणि पाते सांध्यात किंवा लाकडात पिळू नये; पातळ पोलाद वाकण्याआधी तुटते व तुकडा उडतो. फणसाचा चीक लागू नये म्हणून पात्यास आधी खोबरेल तेल लावतात, ते सर्वांना ठाऊक आहेच. आमच्या कणकुंबी-आमगावकडील पावसात तेच तेल घडीच्या सांध्यातही थेंबभर सोडावे. तेथे साचलेले पाणी दिसत नाही, आणि गंज आतून खिटी खातो.

आता राहिली शेवटची, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. विळी पिढ्यान् पिढ्या घरातच राहते. बदलते पाते मात्र घराबाहेर जाते. आपल्या कामाला निरुपयोगी झालेले पाते दुसऱ्याचा हात चिरण्यास पुरेसे धारदार असते. कचऱ्याच्या पिशवीत टाकलेले ब्लेड प्रथम सफाई कामगाराच्या बोटांना भेटते, नंतर कचरा वेचणाऱ्या पोराला, आणि उकिरड्यावर चरणाऱ्या मुक्या गाईला. त्यांच्यापैकी कोणीही आपला चाकू वापरलेला नसतो. जखम गंजक्या पात्याची, तिच्यात घाण गेलेली. धनुर्वाताची लस घेतलेली असेलच असे नाही, आणि त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच.

उपाय एका रिकाम्या पत्र्याच्या डब्याचा आहे. झाकणास बारीक फट पाडावी, वर ठळक अक्षरांत ‘जुनी पाती’ असे लिहावे, आणि दाढीच्या ब्लेडपासून कटरच्या मोडक्या तुकड्यापर्यंत सर्व त्यात टाकावे. डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा उंच ठेवावा. भरण्यास त्याला वर्षे लागतील. भरला की फट चिकटपट्टीने बंद करून, आत काय आहे हे सांगून, तो कचरा नेणाऱ्याच्या हाती द्यावा.

जे पाजविता येते ते पाजवावे, जे बदलावयाचे ते बदलावे, आणि जे टाकावयाचे ते पुढच्या माणसाच्या हातांचा विचार करून टाकावे. आपल्या घरी असा डबा नसेल, तर तो आजच करावा.