पदकानंतरचे पाऊल

सकाळी सहा वाजता गृहसंकुलाच्या आवारात फेऱ्या मारणाऱ्या एखाद्याच्या मोबाइलवर जपानच्या फुजी पर्वताचा नकाशा उघडलेला असू शकतो. इथली फेरी पूर्ण झाली की तिथला ठिपका शिखराकडे थोडा सरकतो. ज्वालामुखीची संकल्पना घेऊन आखलेल्या ‘व्हर्च्युअल रन’चा हा प्रकार. शुल्क भरायचे, ठरलेले अंतर मुदतीत आपापल्या सोयीने धावून किंवा चालून पुरे करायचे, त्याची नोंद अ‍ॅपवर करायची. मग लाव्हाच्या लाल-केशरी रंगातले पदक टपालाने घरी येते. विकतचे पदक म्हणून या हौसेची टिंगल करणे सोपे आहे. पण प्रश्न पदक खरे की खोटे हा नाही. पदक भिंतीवर टांगल्यानंतर पाय चालत राहतात का, हा आहे.

हा प्रश्न किरकोळ नाही. ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे 42 टक्के, तर स्त्रियांत 57 टक्के होते. देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. अशा वेळी एखाद्या पदकाच्या निमित्ताने कोणी घराबाहेर पडत असेल, तर त्याचे स्वागतच व्हायला हवे. स्त्रियांच्या बाबतीत तर अधिकच. ठरावीक दिवशी, ठरावीक रस्त्यावर, पहाटेच्या अंधारात पोहोचणे अनेकींना शक्य नसते. गच्चीवर, जिन्यात किंवा जवळच्या मैदानात सवडीने अंतर मोजण्याची मुभा ही या प्रकाराची मोठी जमेची बाजू.

मात्र बक्षिसाचा परिणाम किती टिकतो, याचे उत्तर विज्ञानाने बऱ्याच अंशी दिले आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 281 जास्त वजनाच्या कर्मचाऱ्यांना रोज 7,000 पावलांचे लक्ष्य दिले. त्याचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वाधिक फरक पडला तो पैसे आधीच नावावर जमा दाखवून, चुकलेल्या दिवसाचे कापून घेतलेल्या गटात. त्यांनी सरासरी 45 टक्के दिवस लक्ष्य गाठले. काहीच न मिळणाऱ्या गटात हे प्रमाण 30 टक्के होते. पण 13 आठवड्यांनी पैसे थांबले आणि पुढच्या 13 आठवड्यांत सगळ्याच गटांची पावले मंदावली. गटागटांतला लक्षणीय फरकही उरला नाही. बक्षीस माणसाला दारापर्यंत आणते. पुढे रोज बाहेर पडण्यासाठी दुसरे काही लागते.

दुसरा धोका शरीराचा आहे. मुदत महिन्याची, उत्साह पहिल्या आठवड्याचा आणि घाई शेवटच्या चार दिवसांची, असे अनेकांचे होते. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत नव्या श्रमांना सरावतात. हाडे आणि स्नायुबंध मात्र सावकाश बदलतात. वाढत्या ताणाला उत्तर देताना हाड आधी जुना भाग झिजवते आणि मग नवा घडवते. या क्रियेला काही महिने लागतात. म्हणजे दम टिकू लागलेला असतो, पण नडगीचे हाड अजून तयार नसते. नडगी दुखणे, टाच धरणे आणि क्वचित हाडाला बारीक तडा जाणे, याचे मूळ बहुतेकदा याच तफावतीत असते.

काही आव्हानांत अंतराऐवजी चढाई मोजतात. फुजीची उंची 3,776 मीटर. एक मजला तीन मीटरचा धरला, तर सुमारे 1,260 मजले. तीस दिवसांत वाटले तर रोजचे 42. सराव असलेल्याला हे जमेलही. पण खुर्चीतून उठून थेट जिन्याकडे निघालेल्या पन्नाशीतल्या माणसाला ते झेपणारे नाही. त्यातच जिना उतरताना मांड्यांचे स्नायू ताणलेल्या स्थितीत भार पेलतात आणि गुडघ्यावर जास्त दाब येतो. त्यामुळे चढताना जिना आणि उतरताना लिफ्ट यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

म्हणूनच जबाबदारी धावणाऱ्याइतकीच आयोजकांचीही आहे. नोंदणीच्या अर्जात टी-शर्टचे माप विचारले जाते; तिथेच रक्तदाब, मधुमेह आणि छातीतील दुखण्याविषयी चार प्रश्न का नसावेत? एका दिवसात मोजल्या जाणाऱ्या अंतराला मर्यादा घालता येईल. विश्रांतीचा दिवस हुकलेला न धरता आराखड्याचाच भाग करता येईल. आणि पदक एकूण किलोमीटरवर देण्याऐवजी सलग बारा आठवड्यांच्या नियमितपणावर दिले, तर त्याची किंमत वाढेल, घटणार नाही. धावणाऱ्यांनीही छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम लागला, तर त्या दिवशीचा ठिपका तिथेच सोडून डॉक्टरांकडे जावे. ज्वालामुखी पळून जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस फार मोठी नाही. आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, किंवा 75 ते 150 मिनिटे जोरकस व्यायाम. त्याशिवाय आठवड्यातून किमान दोनदा स्नायू बळकट करणाऱ्या हालचाली. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, इतका वेग ‘मध्यम’ मानायला हरकत नाही. त्यासाठी पदक लागत नाही. चालण्याजोगे पदपथ, दिवे असलेली मैदाने आणि वेळेवर उघडणारी उद्याने लागतात. ती मागणी मात्र आयोजकांकडे नव्हे, महापालिकांकडे करावी लागेल.

महाराष्ट्रातल्या धावणाऱ्याला ज्वालामुखीसाठी जपानपर्यंत जाण्याचीही गरज नाही. सह्याद्रीचे कडे, कळसूबाईचे 1,646 मीटरचे शिखर आणि पुण्यातल्या टेकड्या हे सारे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे खडक आहेत. भूगर्भशास्त्रात त्याला ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. हे पठार एका स्फोटात उभे राहिलेले नाही. लाव्हाचा एक थर निवल्यावर त्यावर दुसरा, असे ते रचले गेले. शरीराची ताकदही तशीच थराथराने वाढते. महिनाभराच्या आव्हानाचा निकाल म्हणून तिसाव्या दिवशी नव्हे, एकतिसाव्या दिवशी सकाळी लागतो.