शट डाउन केलंत, पण बंद झाला का?

लॅपटॉप बिघडला की आपण काय करतो? बंद करून पुन्हा चालू करतो. तरी सुधारला नाही तर घरी फोन लावतो, ‘बाबा, नवीन घ्यावा लागेल.’ गेल्या सेमिस्टरला मीही तो फोन लावणारच होते.

झालं असं, की एका मुलाखतीचं दोन तासांचं टायपिंग माझ्या विंडोज १० वाल्या लॅपटॉपवर, साध्या नोटपॅडमध्ये, सेव्ह न करता पडलं होतं. रात्रीची सांगलीची एसटी पकडायची होती. म्हटलं हायबरनेट करू, उरलेलं घरी टाइप करू. सकाळी लॅपटॉप उघडला तर तो पहिल्यापासून सुरू झाला. डेस्कटॉप स्वच्छ, मुलाखत गायब! पुढच्या आठवड्यात असं आणखी दोनदा झालं. दुकानदाराने दोन मिनिटांत निकाल दिला, ‘मदरबोर्ड गेलाय, सात हजार होतील.’

सात हजार म्हणजे माझ्या मेसचे दोन महिने. म्हणून पैसे देण्याआधी म्हटलं, जरा समजून तर घेऊ.

स्लीपमध्ये तुमचं काम रॅममध्येच असतं, थोडी बॅटरी खात. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवरच्या एका फाइलमध्ये लिहिलं जातं आणि मग लॅपटॉप पूर्ण बंद होतो. सुट्टीला घरी जाताना आपण हॉस्टेलच्या खोलीतला पसारा बॅगेत कोंबतो ना, तसंच. गंमत म्हणजे विंडोजची ही बॅग साधारणपणे रॅमच्या ४० टक्केच असते. आठ जीबी रॅम असेल तर जेमतेम सव्वातीन जीबी. सामान दाबून भरतात म्हणून एरवी पुरते. पण पसारा फारच वाढला, की बॅगेची चेन लागत नाही आणि हायबरनेट फसतं.

हे दुखणं नवीनही नाही. विंडोज एक्सपीच्या काळात एक जीबी किंवा जास्त रॅम असलेली मशिन्स हायबरनेट व्हायला नकार द्यायची. त्यासाठी लागणारी सलग मोकळी मेमरीच सिस्टिमला मिळायची नाही. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी वेगळी दुरुस्ती काढावी लागली होती. मशीन धडधाकट, गोंधळ सिस्टिमचा!

आता तुम्ही म्हणाल, मी तर रोज रात्री शट डाउन करते, माझा पसारा कशाला वाढेल? मीही हेच म्हणाले होते. मग एका सीनियरने टास्क मॅनेजर उघडायला लावला. परफॉर्मन्स, सीपीयू, अप टाइम. आकडा होता २३ दिवस!

कारण २०१२च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलंय आणि बहुतेक लॅपटॉपवर ते आधीपासूनच चालू असतं. शट डाउन केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण सिस्टिमचा गाभा बंद न होता डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी जसाच्या तसा परत येतो. एखादा ड्रायव्हर मेमरी घेऊन परत देत नसेल, तर ती उधारीही रोज पुढे चालू. खरी पाटी कोरी होते ती रीस्टार्टने. बटणावर ‘शट डाउन’ लिहायचं आणि अर्धवटच बंद करायचं, ही कंपनीची चलाखी मला तरी पटत नाही.

मी रीस्टार्ट केलं, ड्रायव्हर अपडेट केले, सी ड्राइव्हवर जागा केली. मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /एच /साइझ १००’ ही कमांड (अर्थात इंग्रजी अक्षरांत) दिली. त्याने ती बॅग रॅमएवढी मोठी होते. खर्च शून्य रुपये. तेव्हापासून हायबरनेट एकदाही फसलेलं नाही.

दर वेळी इतकं सोपं निघेल असं नाही. कधी रॅम खरंच खराब असते. ते तपासायला ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ विंडोजमध्येच आहे, फुकट. तिथे चूक दिसली तर जरूर दुकानात जा. पण काय झालंय ते माहीत करून जा.

लॅपटॉप घेताना आपण रॅम किती, प्रोसेसर कोणता, यावर तासभर वाद घालतो. तोच लॅपटॉप अडला की मात्र दुकानदार सांगेल ती पूर्व दिशा. हप्ते आईबाबा फेडत असतात, मग एक संध्याकाळ शोधाशोध करण्याचा आळस आपल्याला परवडतो का? आज आपापला अप टाइम बघाच.

आणि हो, झाकण मिटण्याआधी कंट्रोल एस दाबा. ती मुलाखत मला पुन्हा घ्यावी लागली. समोरच्या आजोबांनी तीच उत्तरं न कुरकुरता पुन्हा दिली. दर वेळी असे आजोबा भेटत नाहीत.