या खेपेला डबा नाही

मैत्रिणींनो, सहलीला निघायचं ठरलं की आदल्या रात्री तुमच्यापैकी किती जणी धड झोपता? आमच्याकडे लग्नाला बारा वर्षं झाली, पण एकही सहल अशी नाही की मी पहाटे तीनला उठून दशम्या लाटल्या नाहीत. वर शेंगदाण्याची चटणी, पोरांसाठी पुऱ्या आणि मुक्कामाला गेल्यावर खोलीत खिचडी टाकायला छोटी शेगडी! म्हणजे गाव बदलायचं, चूल तीच.

यंदा शाळेची सहामाही परीक्षा संपली आणि मी घरात जाहीर करून टाकलं, रत्नागिरीला जायचं आणि डबा न्यायचा नाही. 'हे' नुसते हसले. सासूबाई मात्र म्हणाल्या, "बाहेरचं खाऊन पोरांची पोटं बिघडली की मग बघ." मी गप्प बसले, पण शेगडी माळ्यावरून काढली नाही.

कोल्हापूरहून मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली असा साधारण सव्वाशे-एकशेतीस किलोमीटरचा रस्ता. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा सासूबाई आणि मी स्वस्तात गेलो! घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी आवळासुपारी जवळ ठेवावी आणि पुढच्या बाकावर बसावं.

पहिल्या दिवशी आधी थिबा राजवाडा पाहा. सोमवारी तिथलं संग्रहालय बंद असतं, हे आधीच ध्यानात ठेवा. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ साली त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी राणी सुपयालत आणि मुलींसह त्याला इथं आणून ठेवलं. (त्याच इंग्रजांनी आपल्या बहादूरशहा जफरला रंगूनला पाठवलं होतं. राजे अदलाबदल करून ठेवायची त्यांची रीतच म्हणायची.) हा वाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास, म्हणजे राजाची इथली वीस-पंचवीस वर्षं उलटल्यावर, आणि १९१६ मध्ये तो वारलाच. त्याची कबरही गावातच आहे. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष तिथं येऊन गेले. राणी १९१९ मध्ये मायदेशी परतली. लाल भिंती, उतरती छपरं, रंगीत काचा... सगळं देखणं आहे. पण मला राहून राहून वाटत होतं, परक्या गावात, परक्या भाषेत चार मुली वाढवायच्या, त्या बाईनं स्वयंपाकघरात काय सांगितलं असेल आणि कुणाला?

दुपारचं जेवण. इथं मी शिकले ते सांगते. थाळीचा दर पाटीवर असतो, पण सुरमई, पापलेट यांचा दर त्या दिवशीच्या बाजारावर ठरतो. एका खानावळीत न विचारता मागवलं आणि बिल बघून 'ह्यां'चा चेहरा पांढऱ्या रश्शासारखा झाला! तेव्हा आधी विचारा, लाजू नका. साधा बांगडा मागवा, ताजा असला तर त्याची चव कशाला नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, त्या दिवसांत मासे खायला म्हणून मुद्दाम जाऊ नये. सोलकढी मात्र बारा महिने. आपल्याकडे नारळाचं दूध पांढऱ्या रश्श्यात मटणाच्या अळणीबरोबर शिजतं, इथं तेच दूध कच्चंच कोकमाच्या आगळात मिसळतात. दोन्हीकडे नारळच, पण पोटाला गार वाटतं ते हे.

सासूबाई माळकरी. त्यांच्यासाठी शाकाहारी घरगुती खानावळ शोधली. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर ओल्या काजूची उसळ आहे का, हे पहिल्यांदा विचारा. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवावं.

संध्याकाळी पतितपावन मंदिरात गेलो. भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं, १९३१ मध्ये सर्व जातींच्या हिंदूंना खुलं झालेलं. सावरकर तेव्हा इथं स्थानबद्ध होते. सगळ्यांनी एका पंगतीला बसावं म्हणून त्यांनी सहभोजनं घडवली आणि १९३३ साली गावात एक उपाहारगृहही काढलं, कुणीही यावं, शेजारी बसून खावं. मी हे सांगत होते तर सासूबाई एकदम म्हणाल्या, "आमच्या माहेरी पुरुषांची पंगत उठल्यावर बायकांची पानं. उरलं ते आमचं." इतक्या वर्षांत हे त्या मला प्रथमच बोलल्या.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान, रत्नदुर्गावरचं भगवतीचं देऊळ आणि पलीकडचं दीपगृह दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाच्या आत उरका. किल्ल्यावरून तिन्ही बाजूंना समुद्र दिसतो. पोरांचा हात सोडू नका. मांडवीची वाळू काळी, पोरांनी ती बाटल्यांत भरून आणली. बाजारात कोकम घेताना मऊ, गर्द रंगाचं बघून घ्या. मिठाने पांढरं पडलेलं घेऊ नये. आंबापोळी घेतलीत तर आधी चाखा.

निघायच्या सकाळी न्याहारीला घावन. घरी घावन करायचे म्हणजे तव्यापाशी उभी मी, आणि शेवटचे दोन गार माझे. इथं एकेक गरम घावन थेट पानात पडत होतं, बरोबर नारळाचा रस. सासूबाईंनी दोन खाल्ले, पान पुढं केलं आणि आत हाक दिली, "अगं बाई, आणखी एक आण. आणि हिलापण वाढ."