विश्लेषण : जेट विमानांच्या झुंजीचा खेळ मांडायचा, तर काळ कोणता निवडावा?

मोबाइलवर लढाऊ विमान उडवण्याचे खेळ अनेकांनी खेळले असतील. पण चार-पाच मित्रांनी टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन, एकेका वैमानिकाची भूमिका जगत खेळायचा ‘रोलप्लेइंग गेम’ हा वेगळाच प्रकार. अशा खेळात जेट विमानांच्या झुंजी आणायच्या, तर पहिला प्रश्न विमान कोणते हा नसतो. काळ कोणता हा असतो. हा प्रश्न वाटतो तितका हलका नाही. काळ निवडला की शस्त्रे ठरतात, शत्रू ठरतो आणि आपण कोणाच्या मरणाशी खेळतो आहोत, हेही ठरते.

भूमिका-खेळ म्हणजे नेमके काय?

१९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला आणि या प्रकाराची सुरुवात झाली. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापले पात्र काय करेल ते सांगतात आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकले जातात. पटावरच्या युद्धखेळात सोंगटी मेली की ती उचलून बाजूला ठेवतात. इथे मात्र मेलेल्या वैमानिकाला नाव असते, घर असते, अर्धवट लिहिलेले पत्र असते. म्हणून या खेळाला असा काळ हवा, ज्यात यंत्रापेक्षा माणसाचा निर्णय जड ठरतो.

मग सर्वात आधुनिक काळच का नको?

कारण त्यात झुंजच उरत नाही. आजचे लढाऊ विमान शत्रूला डोळ्यांनी पाहण्याआधीच, दहा-दहा किलोमीटरच्या कित्येक पट अंतरावरून क्षेपणास्त्र सोडते. रडारचे विमान मागून चित्र दाखवते आणि वैमानिक पडद्यावरच्या ठिपक्याशी लढतो. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षातही विमाने आपापल्या हद्दीत राहूनच एकमेकांवर मारा करत होती, असे वर्णन झाले. नेमके काय घडले यावरचे दावे-प्रतिदावे अजून सुरू आहेत. खेळाच्या दृष्टीने अडचण अशी, की टेबलावर बसलेल्या खेळाडूला ‘तुझ्या पडद्यावर ठिपका दिसला, तू बटण दाबलेस, ठिपका गेला’ यापलीकडे सांगण्यासारखे फार उरत नाही. शिवाय यातले बरेचसे तपशील गोपनीय आहेत. सूत्रधाराला अंदाजपंचे खेळवावे लागते.

अगदी सुरुवातीचा काळ कसा?

जर्मनीचे ‘मेसरश्मिट-२६२’ हे जेट १९४४ मध्ये युद्धात उतरले. वेग ताशी सुमारे ८७० किलोमीटर, नाकात ३० मिलिमीटरच्या चार तोफा. पण इंजिनाचे आयुष्य जेमतेम १० ते २५ तास आणि उतरताना ते इतके दुबळे, की दोस्तांची पंख्याची विमाने त्याच्या धावपट्टीजवळच टपून बसत. नाट्य आहे, पण त्या महायुद्धात जेटची जेटशी झुंज झालीच नाही. शिवाय खेळाडूंना नाझी गणवेश चढवावा लागतो. तो चढवून गंमत वाटावी, हे मला तरी पटत नाही.

कोरियाचा दावा भक्कम नाही का?

आहे. नियमांच्या दृष्टीने तर तो सर्वात भक्कम आहे. नोव्हेंबर १९५० मध्ये जेट विमाने प्रथमच एकमेकांशी भिडली आणि यालू नदीच्या दक्षिणेचा पट्टा पुढे ‘मिग अ‍ॅली’ म्हणून ओळखला गेला. मिग-१५ अधिक उंच जाई, वेगाने चढे; त्याच्याकडे ३७ मिलिमीटरची एक आणि २३ मिलिमीटरच्या दोन अशा जड पण सावकाश चालणाऱ्या तोफा होत्या. अमेरिकेच्या एफ-८६ सेबरकडे १२.७ मिलिमीटरच्या सहा मशीनगन होत्या, सभोवार पाहता येईल अशी काचेची घुमटी होती आणि यंत्रबळावर चालणारे हलके नियंत्रण होते. म्हणजे एकाकडे ताकद आणि उंची, तर दुसऱ्याकडे नजर आणि चपळाई. कोरियात सेबर उडवलेल्या जॉन बॉइड यांनी पुढे यावर बराच विचार केला. जो वैमानिक आधी पाहतो, आधी समजतो आणि आधी निर्णय घेतो तो जिंकतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. भूमिका-खेळाला याहून चांगले सूत्र मिळणे कठीण. त्यात भर म्हणजे मिगमधले कित्येक वैमानिक सोव्हिएत होते आणि ते जाहीर करायची त्यांना मनाई होती. एवढे असूनही आपल्या खेळाडूंना ते युद्ध परके वाटते. ओहायोचा वैमानिक घरी पत्रात काय लिहील, हे आपण सिनेमातून उसने आणतो.

व्हिएतनाम आणि फॉकलंड?

व्हिएतनाममध्ये फसलेल्या आत्मविश्वासाची गोष्ट आहे. तोफेचे दिवस संपले, असे मानून सुरुवातीचे फँटम विमान तोफेविनाच बनवले गेले. प्रत्यक्षात रडारवर चालणारी क्षेपणास्त्रे दहांतले एखादेच लागे आणि शत्रू डोळ्यांनी ओळखल्याशिवाय मारा करायचा नाही, हा नियम आड येई. त्यातून धडा घेऊन अमेरिकी नौदलाने १९६९ मध्ये ‘टॉपगन’ ही शाळा काढली. दोन-तीन वर्षांची लांब मोहीम खेळायची असेल, तर हा काळ उत्तम आहे. १९८२ चे फॉकलंड मात्र एका संध्याकाळपुरते. अर्जेंटिनाच्या वैमानिकांकडे लक्ष्यावर काही मिनिटे पुरेल इतकेच इंधन असे. ब्रिटिश सी हॅरियरच्या मागे परतायला फक्त जहाज आणि थंड समुद्र. घड्याळ हाच तिथला खरा शत्रू.

मग १९६५ का?

माझे मत सप्टेंबर १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धाच्या बाजूने आहे. पहिले कारण शस्त्रांचे. तोफांचा काळ संपत आलेला आणि क्षेपणास्त्रांचा नुकताच सुरू झालेला. पाकिस्तानच्या काही सेबर विमानांवर साइडवाइंडर क्षेपणास्त्र होते. पण ते शत्रूच्या मागूनच सोडावे लागे आणि सूर्याच्या उष्णतेने चकत असे. म्हणजे ‘सूर्याकडे वळतो’ हा खेळाडूचा साधा निर्णय त्याचा जीव वाचवू शकतो. भारताचे नॅट इतके चिमुकले, की ते दिसायलाच कठीण. त्याच्या ३० मिलिमीटरच्या दोन तोफा मात्र ऐन वेळी अडकत. ३ सप्टेंबरला ट्रेव्हर कीलर यांच्या नावे नॅटने पाडलेले पहिले सेबर नोंदले गेले आणि त्याच दिवशी दुसरे एक नॅट पाकिस्तानातील पसरूर येथे उतरून त्यांच्या हाती लागले. एकाच दिवशी शौर्य आणि नामुष्की. सूत्रधाराला आणखी काय हवे?

दुसरे कारण विमानांच्या विविधतेचे. जुनाट व्हॅम्पायर, मिस्टेअर, हंटर, नॅट आणि पलीकडे सेबर, स्टारफायटर. १ सप्टेंबरला छांब भागात चार व्हॅम्पायर गमावल्यावर ती विमाने आघाडीवरून काढून घ्यावी लागली. खेळाडूंना पहिल्याच दिवशी कालबाह्य विमानात बसवा. युद्ध म्हणजे काय, ते भाषणाविना कळेल.

दाव्यांचे काय?

तिसरे कारण हेच आणि माझ्या लेखी सर्वात मोलाचे. ७ सप्टेंबरला सरगोधाजवळ पाकिस्तानी वैमानिक एम. एम. आलम यांनी मिनिटाच्या आत पाच हंटर पाडल्याचा दावा झाला. भारतीय नोंदी तो मानत नाहीत. त्याच दिवशी सरगोधावर गेलेले स्क्वाड्रन लीडर देवय्या परतलेच नाहीत. त्यांच्या मिस्टेअरने आपल्याहून कितीतरी वेगवान स्टारफायटरशी झुंज दिली होती, हे पुढे कित्येक वर्षांनी उजेडात आले आणि १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. यातून खेळाचा एक नियम बनवता येतो. प्रत्येक मोहिमेनंतर खेळाडूने आपण काय पाहिले ते लिहून द्यावे. खरे काय घडले, ते फक्त सूत्रधाराने जाणावे. पाडलेल्या विमानांचे आकडे समाजमाध्यमांवर तासाभरात फिरवणाऱ्या आपल्या पिढीला हा नियम काहीतरी शिकवून जाईल.

खऱ्या, शेजारच्या युद्धाचा खेळ करावा का?

हा आक्षेप रास्त आहे. त्या युद्धातील वैमानिकांची कुटुंबे आजही दोन्ही देशांत आहेत. खेळाचा घोषणांचा कार्यक्रम व्हायला वेळ लागत नाही. पण या आक्षेपाचे उत्तर त्याच काळात सापडते. १९४७ पर्यंत दोन्हीकडच्या ज्येष्ठ अधिकाऱ्यांचे हवाई दल एकच होते. एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात चकमकी झडल्या, तेव्हा अर्जन सिंग आणि असगर खान हे दोन हवाई दलप्रमुख फोनवर बोलले आणि दोन्ही दले त्या लढाईबाहेर राहिली. ६ सप्टेंबरच्या संध्याकाळी हलवाऱ्यावर आलेल्या सरफराज रफिकी यांच्या तोफा झुंजीतच बंद पडल्या. तरीही पळून न जाता सोबत्यांची पाठ राखत ते थांबले आणि मारले गेले. युद्धाच्या अखेरीस जनरल करिअप्पा यांचे पुत्र हंटरमधून पडून युद्धकैदी झाले. करिअप्पांच्या हाताखाली कधीकाळी काम केलेले अयुब खान त्यांना सोडायला तयार होते; वडिलांनी आपल्या मुलासाठी वेगळी वागणूक नाकारली. ज्या युद्धात शत्रूलाही नाव, ओळख आणि अब्रू होती, त्यात त्याला राक्षस बनवणे कठीण जाते.

तरी दोन पथ्ये पाळावीत. खऱ्या वैमानिकाचे नाव कोणत्याही खेळाडूने घेऊ नये. स्क्वाड्रन काल्पनिक असावे. आणि निदान एक सत्र सर्वांनी पलीकडच्या बाजूने खेळावे. ज्या गटाला हे पाळणे जड जाईल, त्याने कोरियाच निवडावा.

मोहीम संपते कुठे?

युद्धविरामाने नव्हे. १९६५ चा कोवळा फ्लाइंग ऑफिसर १९७१ मध्ये इतरांना घेऊन उडतो. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी बोयरा येथे नॅट विमानांनी सेबर पाडली. त्यात पकडले गेलेले परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानचे हवाई दलप्रमुख झाले. तोवर नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यातून मिग-२१ बाहेर पडू लागली होती आणि ती सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाली. साठ वर्षांचा हा पट आपल्या घराजवळचा आहे. खेळाडूचे पात्र वाचले, तर शेवटचा प्रसंग आकाशातला नसावा. तो एखाद्या अंगणातला असावा : निवृत्त वैमानिक, नातू आणि नातवाचा प्रश्न, ‘आजोबा, तुम्ही किती विमाने पाडलीत?’ उत्तर काय द्यायचे, यासाठी फासे टाकू नयेत.