इंजिनियरचा कागद

निवृत्त इंजिनियराने केलेले जलरंगी कागदांचे अमूर्त कोलाज प्रदर्शनात लागले, की दोन शेरे हमखास कानी पडतात. एक कौतुकाचा : ‘पेन्शनीत वेळ छान घालवतात हो!’ दुसरा उपहासाचा : ‘कात्री आणि खळ दिली तर आमची बाबीसुद्धा हे करील.’ दोन्ही शेरे चित्र न पाहताच दिलेले असतात. त्यांतला पहिला अधिक घातक. तो सभ्यपणाने केलेला असल्यामुळे त्याला उत्तरही देता येत नाही.

चित्राजवळ जाऊन पाहिले तर? जलरंगाचा चांगला कागद कापसाच्या लगद्याचा, जाड आणि खरबरीत असतो. त्यावर रंगाचे पाणी सोडले की रंगकण खळग्यांत बसतात आणि उंचवटे फिके राहतात. हा कागद कापला तर धारदार रेघ मिळते. फाडला तर रंगाच्या कडेला आतला पांढरा तंतुमय काठ उघडा पडतो. कोठे कापावे आणि कोठे फाडावे, हेच या प्रकारातले रेखाटन. मग डकवण्याचे काम. ओला कागद फुगतो, यंत्रावर बनलेला तर एका दिशेने अधिकच. वाळताना तो आकसतो आणि खालच्या पुठ्ठ्याला वाकवतो. म्हणून जाणता माणूस पुठ्ठ्याच्या पाठीलाही कागद डकवून ताण समतोल करतो. ज्याची हयात तुळयांवरचे भार मोजण्यात गेली, त्याला हे शिकवावे लागत नाही.

अर्थात पुठ्ठा सरळ राहिला म्हणजे चित्र साधले, असे नव्हे. अशा चित्रांत एक दोषही आम्हांस वारंवार दिसतो : सगळे इतके मापात बसलेले असते की नजर आत शिरून कोठे अडखळतच नाही. हा दोष दाखवावा, स्पष्टपणे दाखवावा. पण तो चित्राचा म्हणून दाखवावा, पेशाचा म्हणून नव्हे.

पेशा आड येत नाही, याला अलेक्झांडर काल्डर यांच्याइतका बोलका दाखला नाही. १९१९ साली ते यंत्र-अभियांत्रिकीचे पदवीधर झाले, काही वर्षे नोकऱ्या केल्या आणि मग चित्रकलेकडे वळले. १९३० साली पॅरिसमध्ये ते मॉन्ड्रियान यांच्या चित्रशाळेत गेले. तेथे पांढऱ्या भिंतीवर रंगीत पुठ्ठ्याचे आयत टाचलेले होते. हे आयत हलते केले तर, असे काल्डर यांनी सुचवले. मॉन्ड्रियान यांना ते मुळीच मान्य झाले नाही. पण त्या भेटीने काल्डर अमूर्ताकडे वळले, आणि लवकरच तारेला टांगलेले, वाऱ्याच्या झुळुकीने फिरणारे त्यांचे आकार जन्मले. ‘मोबाइल’ हे नाव त्यांना मार्सेल द्युशाँ यांनी १९३१ साली दिले. पुढे १९५५ साली साराभाई कुटुंबाच्या निमंत्रणावरून काल्डर अहमदाबादेस आले, आणि तेथे राहून त्यांनी असे कित्येक आकार घडवले. बडोद्यापासून अवघ्या शंभरेक किलोमीटरांवर! त्यांच्या कामाला कोणी इंजिनियरचा विरंगुळा म्हटले नाही, कारण त्यातला तोल पाहणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होता.

बडोदेकरांनी तरी ही फारकत मानू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन सोपवले, तेव्हा यंत्रविद्या, रंगविद्या आणि चित्रकला एकाच संस्थेत नांदत होत्या. दादासाहेब फाळके तेथेच शिकले. चित्रकार आणि यंत्रज्ञ एका अंगात असल्याखेरीज त्यांचे पुढचे काम झालेच नसते. आज विद्यापीठात अभियांत्रिकी आणि ललितकला यांच्या विद्याशाखा वेगळ्या आहेत. शिक्षणाची ती सोय समजू शकते. पण तीच भिंत प्रेक्षकाने आपल्या मनात का उभारावी?

प्रदर्शन भरवणाऱ्यांना आमची एक किरकोळ सूचना आहे. चित्राखालच्या चिठ्ठीवर ‘निवृत्त कार्यकारी अभियंता’ असे छापू नये. त्या जागी कागद कोणता, रंग कोणते आणि खळ कशाची, एवढे लिहावे.