कुंपणातली शिस्त : एका जुन्या प्रयोगाचा निकाल

चोऱ्या वाढल्या, की बुलढाण्यापासून बोरिवलीपर्यंत एकच उपाय सुचवला जातो : अशा पोरांना सहा महिने लष्करी छावणीत टाका, पहाटे पळवा, कवायत करवा, आपोआप सरळ होतील. उपाय नवा वाटतो. पण जरबेने माणूस सुधारण्याचा प्रयोग महाराष्ट्रात चाळीसेक वर्षे चालला आणि फसला.

आधी अमेरिकेचे पाहू, कारण दाखला तिथलाच दिला जातो. १९८३ मध्ये जॉर्जिया आणि ओक्लाहोमा राज्यांत 'बूट कॅम्प' सुरू झाले. डोक्याचे मुंडण, आरडाओरडा, कवायत. पुढील वीस वर्षांत त्यांचे जितके मूल्यमापन झाले, त्याचा निष्कर्ष सरळ आहे : छावणीतून सुटलेले आणि साध्या शिक्षेतून सुटलेले पुन्हा गुन्ह्याकडे वळण्यात सरासरीने फरक आढळला नाही. २००६ मध्ये फ्लोरिडातील छावणीत रक्षकांच्या मारहाणीनंतर १४ वर्षांचा मुलगा दगावला, तेव्हा त्या राज्याने या छावण्या बंद केल्या.

आपला प्रयोग याहून कठोर होता. बूट कॅम्पमध्ये निदान गुन्हा शाबीत झालेला माणूस जाई. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. १९११ मध्ये त्याची व्याप्ती वाढली आणि मुंबई इलाख्यात 'सेटलमेंट' उभ्या राहिल्या. सोलापूरची सर्वांत प्रसिद्ध. तारेचे कुंपण, ठरल्या वेळी हजेरी, परवान्याशिवाय बाहेर पडणे गुन्हा. पुरुष आणि स्त्रिया गिरणीत राबत. स्टार्ट नावाचे सनदी अधिकारी या व्यवस्थेचे सूत्रधार, आणि त्यांचा हेतू प्रामाणिक होता असे मानायलाही हरकत नाही. पण याच कायद्यात सहा वर्षांवरील मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळेत ठेवण्याची मुभा होती. हिला सुधारणा म्हणत.

बुलढाणा तेव्हा वऱ्हाडात. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांताच्या जाती-जमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. त्यांत पारध्यांच्या टाकणकर शाखेची नोंद आहे : गावोगाव फिरून घरोघरची जाती टाकणारे लोक. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या आणि टाकीला काम उरले नाही. शिकारीवर जगणाऱ्यांची वाट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद केली. कायदा योग्यच होता. पण फासा टाकणाऱ्या हातात त्याच्या बदल्यात काय दिले गेले? पोट भरण्याचे साधन काढून घेतल्यावर कोणती कवायत ती जागा भरून काढणार होती, हे छावणीचे समर्थक कधीच सांगत नाहीत.

अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. सोलापुरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव अजून आहे. 'फ्री' हा शब्द वस्तीच्या नावात लिहावा लागतो, यातच सगळे आले. सात वर्षांत, १९५९ मध्ये, मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा केला. बुलढाणा तेव्हा त्याच द्वैभाषिक राज्यात होता. जमातीचे नाव गेले, नोंदवही राहिली. संशय तर कागदावर न लिहिताही टिकतो : विमुक्त जमातींतील माणसांना मनमानी अटक होऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्येही पोलिसांना बजावावे लागले.

छावणी नको, तर काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचेही उत्तर महाराष्ट्रातच आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानात, आटपाडीजवळ, मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून आणि राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या पाठबळाने 'स्वतंत्रपूर' वसले. शिक्षा झालेले कैदी, त्यांत खुनाचे गुन्हेगारही, पण भिंत नाही. शेती करायची, बायकामुलांसह राहायचे. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) याच प्रयोगावरून सुचला. चित्रपट सर्वांच्या लक्षात राहिला, वसाहत फारशी कोणाच्या नाही. सेटलमेंटने मुले आईबापांपासून तोडली. इथे खुन्यालाही संध्याकाळी शेतातून स्वतःच्या मुलांकडे परतता येई.

सोलापूरचे कुंपण कधीच निघाले. स्वतंत्रपूर आजही चालू आहे.